गॅप सर्टिफिकेट

भोईवाडा कोर्टाच्या भिंतीला टेकून टाइपरायटर,
टाइपरायटरमागे पेडामकर.
गॅप किती, ते विचारतात.
सहा वर्षं.
मान वर न करता म्हणतात,
सहाची फी वेगळी नसते, घाबरू नका.

मी, कु. प्रणोती दिगंबर भोस्तेकर, वय सत्तावीस,
राहणार घोडपदेव, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर कालावधीत मी कोणत्याही संस्थेत
शिक्षण घेतलेले नाही.

घेतलेले नाही.
इथे मला जरा थांबायचं होतं,
पण रोलर पुढच्या ओळीवर गेला.

सकाळी कॉलेजात कागद तपासणाऱ्या बाईंनी
माझ्या बी.एस्सी.च्या सहाही गुणपत्रिका
एका बोटाने बाजूला सारल्या.
ह्या नकोत. बारावीची द्या. आणि गॅपचं, पाचच्या आत.
त्या सहा कागदांना मी
आईच्या साड्यांखाली लपवून ठेवलं होतं.
फिजिकल केमिस्ट्री, एटीकेटी. पुन्हा फिजिकल केमिस्ट्री.
शेवटी पास क्लास, आणि पाव किलो पेढे
जे आईने टक्के न सांगता वाटले.
हलकं वाटायला हवं होतं मला.
थोडा अपमानच वाटला.

कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही.
घरात कुणी आजारी नव्हतं,
कुणी मला सोडून गेलं नव्हतं.
मागच्या बाकावर बसून तीन वर्षं मी
समोरच्या गच्चीवरच्या चादरी मोजल्या.

मग लालबागची लॅब, सकाळी सहाला शटर,
आणि उपाशीपोटी आलेली माणसं.
कुणाची शीर सुतळीसारखी वर,
कुणाची पालीसारखी, दिसली म्हणेपर्यंत आत.
रझियाआपांची तर सापडायचीच नाही.
एका हाताला डायलिसिसचा फिस्टुला, दुसरा टोचून टोचून थकलेला.
त्याच म्हणायच्या, घाई नको बेटा,
मनगटाच्या वर, अंगठ्याच्या अंगाला,
तिथे एक अजून जिवंत आहे.
तिचं नाव सेफॅलिक, हे मी नंतर वाचलं.
बोटांना ती आधीपासून ठाऊक होती.

सेंट्रिफ्यूज दहा मिनिटं फिरायचं.
दहा मिनिटांत एक पान.
थांबलं की नळीत वर पिवळसर, खाली लाल.
कितीदा पाहिलं तरी मी पुन्हा पाहायचे.

आणि ती एक स्लाइड,
जिच्यावर पांढऱ्या पेशी नको तितक्या, नको तशा.
मी मर्झबान सरांना हाक मारली.
ते बराच वेळ डोळा लावून बसले.
बरोबर पाहिलंस, म्हणाले. एवढंच.
मुलगा नऊ वर्षांचा होता,
बाहेर बाकावर बसून टेनिस बॉल भिंतीवर आपटत होता.
त्या आठवड्यात मी फॉर्म भरला.
त्या परीक्षेत कुणी नापास होत नाही,
क्रमांक मिळतो, तो फक्त कुठे पोचत नाही.
दोन वर्षं नाही पोचला.

पेडामकर कागद ओढून काढतात.
सही इथे. वाचून घ्या आधी.
मी वाचत नाही.
टेबलाखाली त्यांची एक चप्पल काढलेली,
अंगठ्याला पट्टी, कडेने पिवळी पडलेली.
काका, साखर कधी तपासली होती?
बोटं पहिल्यांदा थांबतात.
तुम्हाला कुणी सांगितलं?
जखम कधीपासूनची?
असेल दोन महिने. बूट चावला होता. दुखत नाही.
दुखत नाही, हे ते असं सांगतात
जणू चांगली बातमी आहे.

शिक्षण घेतलेले नाही, ह्याच्या खाली
मी माझं पूर्ण नाव लिहिते.
पाचला पस्तीस मिनिटं आहेत.
कॉलेज चालत पंधरा.
फाइल स्टुलावर ठेवते, फुटपाथवर उकिडवी बसते
आणि म्हणते,
पट्टी सोडा बघू.